तिबेटी अळंबीवेच्यांसोबत डोंगरात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अळंबी वेचायला जायचं म्हणजे नेमकं कुठे? ल्हासाला?

नाही, आणि हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो. ल्हासाचा मुलूख कोरडा. अळंबीला हवं असतं जंगल आणि पाऊस, आणि ते दोन्ही मिळतं तिबेटी पठाराच्या पूर्वेकडच्या उतारावर, खाम भागात. आजच्या नकाशात हा भाग चीनमध्ये अनेक ठिकाणी वाटला गेला आहे, अळंबीसाठी त्यांतली मुख्य तीन : युन्नान प्रांतातला देचेन (चिनीत दीछिंग), सिच्वानमधला कार्दझे (चिनीत गांझी) आणि तिबेट स्वायत्त प्रदेशाचा पूर्व भाग. पहिल्यांदा जाणाऱ्याने देचेनला जावं. तिथलं मुख्य गाव ग्यालथांग. सरकारने २००१ मध्ये त्याचं नाव बदलून शांग्रीला केलं, त्यामुळे तिकिटावर आणि पाट्यांवर तेच दिसेल. गाव सुमारे ३,३०० मीटरवर आहे. गांदेन सुमत्सेलिंग हा १६७९ मध्ये स्थापन झालेला मोठा मठ इथलाच. आसपासच्या डोंगरांवर पाइन आणि सदाहरित ओकची जंगलं आहेत. अळंबी त्याच जंगलांत.

कार्दझेमध्ये ३१८ क्रमांकाच्या महामार्गावरचं याजियांग मात्सुताके नावाच्या महागड्या अळंबीसाठी प्रसिद्ध आहे. मार्च २०२४ मध्ये तिथे मोठा वणवा पेटला आणि बरंच जंगल जळालं. जायचं ठरवलंत तर आधी त्या त्या खोऱ्याची चौकशी करा.

कुठली अळंबी मिळते?

सगळा पैसा एकाच अळंबीत आहे, ती म्हणजे मात्सुताके. नाव जपानी, कारण गिऱ्हाईक जपानी. चिनी लोक तिला सोंगरोंग म्हणतात, तिबेटी लोक बेशा. बाकी जंगलात जे उगवतं त्याची यादी लांबलचक आहे : पिवळीजर्द शांतरेल, जाड देठाच्या बोलेट, पोवळ्यासारख्या फांद्या असलेली रामारिया, टोपीवर खवले असलेली सार्कोडॉन. जंगल संपून कुरण सुरू झालं की पिवळी 'सेर्शा' दिसते. गुराखी ती उलटी करून चुलीवर ठेवतात, वाटीसारख्या टोपीत लोण्याचा गोळा, मीठ आणि चिमूटभर त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, घालतात. लोणी बुडबुडायला लागलं की झालं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर मात्सुताकेपेक्षा ही चविष्ट.

गुच्छी, म्हणजे हिमाचलातून आपल्याकडे येते ती, इथेही मिळते, पण वसंतात. पावसाळ्यात तिची वाट बघू नका.

हंगाम कधी?

जुलै ते सप्टेंबर. ऑगस्टमध्ये भर असतो. बंगालच्या उपसागरावरून येणारा मोसमी पाऊस इथेही पोचतो, म्हणजे आपला श्रावण आणि त्यांचा अळंबीचा हंगाम बरोबरच येतात. पाऊस लांबला तर हंगाम लांबतो, जुलै कोरडा गेला तर गावातले चेहरे उतरतात. सप्टेंबरच्या शेवटी थंडी वाढते, रात्री गोठायला लागल्या की खेळ संपला.

दरडींचा धोका मात्र याच महिन्यांत सर्वांत जास्त. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

मी स्वतः अळंबी काढून घेऊ शकतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाही. म्हणजे, कुणी तुमच्या हातात काठी दिली आणि 'ही तू काढ' म्हणालं तर काढा, जरूर काढा. पण ती अळंबी तुमची नाही. त्या कुटुंबाची आहे, तिचं वजन होणार आहे आणि संध्याकाळी तिचे पैसे येणार आहेत. बाहेरून येणाऱ्याला ते जंगल मोकळं, निर्मनुष्य वाटतं. सरकारी कागदावर ते कुणाचंही असो, प्रत्यक्षात प्रत्येक डोंगराची सोंड कुठल्या ना कुठल्या गावाची आहे आणि ती सीमा कुठल्या ओढ्याला संपते हे दहा वर्षांच्या मुलालाही पाठ असतं. परवानगीशिवाय आत शिरून अळंबी उपटणं म्हणजे मे महिन्यात देवगडमधल्या कुणाच्या कलमांच्या बागेत शिरून हापूस उतरवण्यासारखं आहे. तुम्ही एकच आंबा घेतलात, ही सबब तिथे चालणार नाही.

या सीमा फुकट ठरलेल्या नाहीत. भाव चढले तेव्हा, विशेषतः १९९०च्या दशकात, देचेनमधल्या गावागावांत अळंबीच्या जंगलांवरून वाद झाले, काही ठिकाणी हाणामारीपर्यंत गोष्टी गेल्या. त्यातूनच अनेक गावांनी नियम बसवले. ते गावागणिक वेगळे असतात, पण साधारण रूप असं : अमुक तारखेआधी कुणी जंगलात जायचं नाही, मधले काही दिवस जंगलाला विश्रांती, ठराविक मापापेक्षा लहान अळंबी काढायची नाही, बाहेरच्याने यायचं तर पैसे भरायचे किंवा यायचंच नाही. नियम मोडला तर दंड, आणि दंड खरोखर वसूल होतो. सरकारी बाजूही आहे : मात्सुताके चीनमध्ये १९९९ पासून दुसऱ्या श्रेणीची संरक्षित प्रजाती आहे.

तेव्हा जायचं ते एखाद्या कुटुंबाचा पाहुणा म्हणून. त्यांनी नेलं तिथे, त्यांनी नेलं तेव्हा. आणि 'आज नको' म्हणाले तर का, असं विचारत बसू नका. त्यांच्या एखाद्या खास जागेवर त्या दिवशी अळंबी वर आलेली असते, आणि ती जागा ते सख्ख्या भावालाही दाखवत नाहीत.

दिवस कसा जातो?

लवकर सुरू होतो, फार लवकर. उजाडायच्या आधी लोक बॅटरी घेऊन निघतात, कारण पहिला पोचेल त्याची अळंबी. पाहुणा सोबत असेल तर सहसा थोडं उशिरा निघतात. तेवढं त्यांचं नुकसान होतं हे लक्षात असू द्या. पाठीला टोपली किंवा पिशवी, हातात टोकदार काठी, खिशात त्साम्पाची पुरचुंडी. काही घरांत निघण्याआधी अंगणात जुनिपरच्या डहाळ्यांची धुनी, म्हणजे 'सांग', दिली जाते. डोंगराचा धनी असलेल्या देवतेला तो धूर पोचतो.

मग चढ. पायवाट संपते आणि लोक उतारावर आडवे चालायला लागतात, कमरेत वाकून, नजर जमिनीवर. तुम्हाला पाइनच्या काड्या आणि ओकची वाळकी पानं याखेरीज काही दिसणार नाही. त्यांना दिसतो पाचोळ्याला आलेला फुगवटा, बोटभर भेग, मातीचा किंचित उचललेला पापुद्रा. चांगली मात्सुताके जमिनीच्या वर आलेलीच नसते, वर येऊन टोपी उघडली की तिची किंमत कोसळते.

काढण्याची रीत बघण्यासारखी आहे. आधी दोन बोटांनी पाचोळा बाजूला. मग काठी देठाच्या कडेने तिरकी खुपसून हळूच उचकटायचं, देठ तळापर्यंत अखंड यायला हवा. शेवटी खड्डा मातीने भरून वर पाचोळा पूर्वीसारखा पसरायचा. यात दोन फायदे : खालच्या तंतूंचं जाळं सुकत नाही, आणि मागून येणाऱ्याला जागा कळत नाही. कुठला फायदा मोठा, यावर घराघरांत वेगळी मतं आहेत. अळंबी फर्नमध्ये किंवा रोडोडेंड्रॉनच्या रुंद पानांत गुंडाळून टोपलीत जाते, एकमेकींवर घासून खरचटू नये म्हणून.

दुपारपर्यंत उतरायला सुरुवात होते, कारण दुपारनंतर पाऊस पडतो आणि संध्याकाळी व्यापारी येतात. हाताला काय लागतं? कधी टोपली भरते, कधी दिवसभर वणवण करून मूठभर. पाहुण्यासोबत गेलं की बहुधा मूठभरच.

मात्सुताके ओळखायची कशी?

घट्ट पांढरा देठ, त्यावर आणि टोपीवर तपकिरी खवले, टोपीची कड कापसासारख्या पडद्याने देठाला जोडलेली. पण खरी ओळख वासाची. दालचिनीची तिखट झाक, त्याखाली राळ आणि ओली माती. एकदा घेतला की विसरत नाही. तरीही वासावर भरवसा ठेवून एकट्याने काही खाऊ नका. त्याच जंगलात तिच्यासारख्या दिसणाऱ्या, तिच्याच ट्रायकोलोमा वंशातल्या इतर अळंब्याही उगवतात.

एका अळंबीला एवढा भाव का?

कारण जपानमध्ये ती कमी झाली. जपानी लोकांसाठी शरद ऋतू म्हणजे मात्सुताके, आणि ती तिथल्या लाल पाइनच्या मुळांशी वाढते. अतिसूक्ष्म सूत्रकृमीमुळे होणाऱ्या रोगाने ते पाइन मरत गेले. शिवाय गावकऱ्यांनी जळणासाठी जंगल झाडून नेणं सोडलं. मात्सुताकेला थोडी झाडलेली, उघडी जमीन मानवते, पाचोळ्याचे थर साचले की ती हटते. देशातलं उत्पादन घसरलं आणि व्यापारी जगभर शोधायला निघाले. १९८०च्या दशकाच्या मध्याला ते युन्नानमध्ये पोचले. तोवर तिबेटी गावांत या अळंबीची फारशी मातब्बरी नव्हती. इतर अळंब्यांसारखीच एक, काहींना तर इतर जास्त आवडायच्या.

दुसरा धक्का १९९८चा. त्या वर्षी यांगत्सेला भीषण पूर आले आणि चीन सरकारने नदीच्या वरच्या खोऱ्यातली जंगलतोड बंद केली. लाकडावर चालणाऱ्या डोंगरी गावांचं उत्पन्न एका हुकमाने गेलं. उरली अळंबी. आज देचेनमधल्या कित्येक घरांच्या वर्षभराच्या रोकडीतला मोठा वाटा या दोन-अडीच महिन्यांतून येतो. कोरीव लाकूडकामाची मोठमोठी नवी घरं बघाल, त्यांतल्या बऱ्याच घरांचे खांब अळंबीच्या पैशांवर उभे राहिले आहेत.

२०१२ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीवर खाद्यपदार्थांची एक मालिका आली, तिच्या सुरुवातीलाच शांग्रीलाची एक तिबेटी मुलगी आईसोबत ही अळंबी खणताना दिसते. त्यानंतर बीजिंग-शांघायच्या गिऱ्हाइकांचीही मागणी वाढली. जपानवरचं सगळं अवलंबित्व सुटलं नाही, पण सैल झालं.

खरेदी-विक्री बघता येते का?

बघाच, सकाळच्या जंगलाइतकीच ती रंगतदार असते. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला व्यापारी तराजू घेऊन बसतात, मोटारसायकली येऊन थांबतात, टोपल्या उघडतात. प्रत ठरते टोपी मिटलेली आहे का आणि लांबी किती यावर. मिटलेली, जाड, सरळ, न किडलेली, ती पहिल्या प्रतीची. तिला किलोमागे शेकड्यांनी युआन मिळतात. छत्री उघडलेली वाळवणाला जाते आणि तिचा भाव त्याच्या एखाद्या हिश्श्याएवढा. सकाळचा भाव संध्याकाळी टिकेलच असं नाही, कारण फोनवर कुनमिंगची, म्हणजे युन्नानच्या राजधानीची, खबर येत असते.

घाई अशासाठी की काढल्यापासून दोनेक दिवसांत सुगंध उतरायला लागतो. म्हणून रातोरात माल शांग्रीलाच्या बाजारात, तिथून कुनमिंगला, तिथून विमानाने पुढे. कुनमिंगला गेलात तर मुश्वेह्वा बाजार चुकवू नका, जंगली अळंबीची तेवढी मोठी घाऊक उलाढाल क्वचितच कुठे बघायला मिळेल.

भाव चालू असताना मध्ये बोलू नका. 'एवढ्याला का विकलंस' असं तर मुळीच म्हणू नका. व्यापारी आणि वेचणारे यांचं नातं वर्षानुवर्षांचं असतं, उसनवारीचंही असतं.

मग तिची शेती का करत नाहीत?

जमत नाही म्हणून. धिंगरी किंवा बटण अळंबी पेंढ्यावर किंवा कुजवलेल्या खतावर वाढते, मात्सुताकेला जिवंत झाड लागतं. झाडाच्या मुळांना ती पाणी आणि खनिजं पुरवते, बदल्यात साखर घेते. ही देवघेव कारखान्यात उभी करून व्यापारी पीक काढणं आजवर कुणाला साधलेलं नाही. जपानने प्रयत्न करण्यात कसर ठेवलेली नाही.

विषारी अळंबीची भीती वाटते.

वाटायलाच हवी. युन्नानमध्ये दर पावसाळ्यात विषबाधा होतात. युन्नानच्या काही डोंगरी गावांत १९७०च्या दशकापासून पावसाळ्यात धडधाकट माणसं अचानक हृदय बंद पडून मरत होती, सुमारे तीस वर्षांत असे चारशेच्या आसपास मृत्यू झाले. शोध घेणाऱ्यांचा संशय अखेर एका लहान पांढऱ्या, दिसायला निरुपद्रवी अळंबीवर आला. विकण्याजोगी नाही म्हणून लोक ती घरीच शिजवून खायचे. २०१२ मध्ये तिला ट्रोजिया वेनेनाटा हे नाव मिळालं. ती १,८०० ते २,४०० मीटरच्या पट्ट्यातली, म्हणजे शांग्रीलाच्या बरीच खालची. पण तुमचा रस्ता त्याच पट्ट्यातून जातो आणि जेवणाची हॉटेलंही तिथे लागतात.

अमानिटा गटातल्या मारक जाती वेगळ्याच धूर्त. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काही होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटल्यासारखं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळात यकृत निकामी होत असतं. शिजवल्याने हे विष जात नाही. हाताळली की निळी पडणारी बोलेट कुनमिंगमध्ये चवीने खाल्ली जाते, पण कच्ची राहिली तर माणसाला बुटकी माणसं नाचताना दिसतात. ही थट्टा नाही, रुग्णालयांत नोंद होणारं लक्षण आहे.

लसूण काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्ली असेल तर निर्धोक, चांदीचा चमचा काळवंडला तर फेकून द्या : हे ठोकताळे चीनमध्येही आहेत आणि कोकणातही. सगळे खोटे. यजमान घरात जे खातात तेवढंच खा, नीट शिजलेलंच खा, आणि तुम्ही शोधलेली अनोळखी अळंबी त्यांच्या भांड्यात घुसडू नका. पोट बिघडलंच तर उरलेली अळंबी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

उंची सोसेल का?

बहुतेकांना सोसते, घाई केली नाही तर. मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी ३,३०० मीटरवर उतरू नका. वाटेत लिच्यांगला, साधारण २,४०० मीटरवर, दोन रात्री काढा. शांग्रीलाला पोचल्यावर पहिला दिवस फक्त मठ आणि बाजार. जंगल अनेकदा ३,५०० च्या वर असतं आणि उतार तीव्र असतो, सिंहगड दर रविवारी चढणाऱ्यालाही तिथे दम लागतो. डोकेदुखी, मळमळ वाढत गेली तर खाली उतरणं हाच उपाय. गोळ्या घ्यायच्या की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय तिकीटच काढू नये.

मी शाकाहारी आहे. उपाशी मरेन का?

मरणार नाही, पण कंटाळाल. भात, बटाटे, पालेभाज्या, जवाच्या भाकऱ्या, दही, चीज मिळतं. अडचण अशी की भाजीही बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेली असते, आणि अळंबीच्या रश्श्यात कोंबडी असणारच. 'मांस नाही, चरबी नाही, मांसाचा रस्साही नाही' असं चिनीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. लोण्यात परतून द्या म्हटलं तर आनंदाने देतात. याकच्या मादीच्या दुधाचं लोणी उग्र असतं, पहिल्या घासाला नाक मुरडू नका. मात्सुताके मात्र तेलातुपात बुडवण्याची गोष्ट नव्हे. पातळ चकत्या, हलकी भाजलेली, वर मिठाची कणी. आपला गरम मसाला घरी ठेवून या.

चातुर्मास पाळणाऱ्यांचा प्रश्न अवघड आहे. हंगाम बरोबर त्याच काळात येतो आणि अनेक घरांत तेव्हा अळंबी वर्ज्य. अशी मंडळी येतात, बघतात, वास घेतात आणि बटाट्यावर राहतात. यजमानांना आधी सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही, व्रत ही गोष्ट तिबेटी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

लोण्याचा खारट चहा वाडग्यातून येतो आणि घोट घेतला की लगेच भरला जातो. नको असेल तर वाडगा भरलेलाच राहू द्या, निघताना संपवा.

कीडाजडीही त्याच सहलीत बघता येईल का?

नाही. यार्सा गुंबू, म्हणजे अळीच्या डोक्यातून उगवणारी बुरशी, मे-जूनमध्ये निघते, आणि तीही झाडांच्या वरच्या कुरणांत, चार-साडेचार हजार मीटरवर. पंधराव्या शतकातल्या झुरखार न्यामन्यी दोर्जे या तिबेटी वैद्याने तिच्यावर लिहून ठेवलं आहे. आज किलोचा भाव इतका आहे की त्या दिवसांत काही भागांतल्या शाळांना चक्क सुट्टी असते, मुलांची नजर तीक्ष्ण म्हणून. बाजारात सौदा करताना दोघांचे हात लांब बाहीत जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

या हंगामात परक्या माणसाने कुरणात फिरणं कुणालाच आवडत नाही. मी तरी या कामासाठी जाऊ नका असंच सांगेन. कुतूहल असेल तर आपल्या उत्तराखंडात, पिथौरागढच्या वरच्या खोऱ्यांतही हीच निघते. ताण तिथेही तोच आहे.

बोलायचं कुठल्या भाषेत?

वाटाड्याच्या. गावात खामची तिबेटी बोलली जाते आणि ती खोऱ्याखोऱ्याला बदलते. तरुणांना चिनी येतं, शांग्रीलात थोडंफार इंग्रजीही. हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेट्यांकडून किंवा गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतल्या ओळखीच्यांकडून चार शब्द शिकून गेलात तर उच्चारांत फरक पडेल, पण 'ताशी देलेक' हा नमस्कार सगळीकडे चालतो.

काय बोलू नये हे जास्त महत्त्वाचं. भारतातून आलात म्हटल्यावर काही जण, विशेषतः म्हातारी माणसं, धरमशालेबद्दल विचारतील असं वाटतं. तुम्ही होऊन तो विषय काढू नका. दलाई लामांचं चित्र, पुस्तक, फोनच्या पडद्यावरचा फोटो काही नेऊ नका. तुम्ही चार दिवसांनी परत जाणार, झळ लागेल ती यजमानांना.

गावात वागताना आणखी काय सांभाळायचं?

कुत्री. दाराशी बांधलेला मोठा तिबेटी कुत्रा शोभेचा नसतो. घरातलं कुणी बाहेर आल्याशिवाय फाटक ओलांडू नका.

पैसे आधी ठरवा. हंगामातला एक दिवस म्हणजे त्या माणसाची खरी कमाई असते, 'नाहीतरी जाणारच होतास' हा हिशेब लावू नका. दिवसाची रक्कम वेगळी, मुक्कामाची वेगळी, आणि खाण्यासाठी अळंबी घेतली तर तिचा बाजारभाव वेगळा. भेट न्यायची तर काजू न्या, फार खूश होतात. पैसे बहुतेक सगळीकडे फोनवरून दिले जातात, अलीपे या चिनी ॲपला आपलं कार्ड जोडून ठेवा आणि थोडे रोख युआन खिशात असू द्या. गूगलचे नकाशे तिथे चालतील या भरवशावर राहू नका.

फोटो काढू का?

माणसांचे, विचारून. जंगलातले, काढा. पण अळंबीच्या जागेचा फोटो ठिकाणाच्या नोंदीसह टाकू नका, फोनमधली ती सोय जंगलात शिरण्याआधीच बंद करा. एखाद्या कुटुंबाने दोन पिढ्या लपवून ठेवलेली जागा एका पोस्टने उघडी पडू शकते.

व्हिसा आणि प्रवासाचं काय?

चीनचा पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली. नाहीतर बँकॉकसारख्या ठिकाणी विमान बदलून कुनमिंग गाठायचं. कुनमिंगहून लिच्यांग आणि तिथून शांग्रीला असा सगळा प्रवास आता रेल्वेने होतो, शेवटचा टप्पा नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. देचेनसाठी वेगळा तिबेट परवाना लागत नाही. तिबेट स्वायत्त प्रदेशात पाऊल टाकायचं असेल तर मात्र परवाना, नोंदणीकृत प्रवासी कंपनी आणि वाटाड्या तिन्ही सक्तीचे. कार्दझेचे काही भाग परदेशी लोकांसाठी अधूनमधून बंद होतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या.

मुलांना नेऊ का?

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या, चालायची सवय असलेल्या मुलांना, हो. लहानांना नको, अळंबी तोंडात घालण्याचं वय संपलेलं असावं.

घरी आणता येईल?

ताजी अळंबी भारतात आणायची तर वनस्पती संगरोधाचे नियम आडवे येतात आणि मात्सुताकेच्या बाबतीत चीनच्या बाजूनेही निर्यातीची बंधनं आहेत. नादाला लागू नका. तिथे खा.

आपल्याकडची अळंबी तिकडे दिसते का?

वर डोंगरात नाही, पण खाली युन्नानच्या बाजारांत दिसते, आणि बघून गोव्याकोकणातला माणूस थबकतोच. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी आपली रोवण अळंबी टर्मिटोमायसिस या वंशातली. कुनमिंगमध्ये 'जीझोंग' नावाने विकली जाते ती याच वंशातली, वाळवीच्याच भरवशावर जगणारी. गोव्यात पानाच्या पुड्यात मिळते तशीच तीही महाग. सावंतवाडीच्या एका सहप्रवाशाने तिथल्या विक्रेतीला हातवाऱ्यांनी वारूळ काढून दाखवलं. तिने मान डोलावली आणि भाव कमी केला नाही.

चीनचा व्हिसा, एवढा खर्च, एवढी उंची हे सगळं जमणार नसेल तर?

भूतानला जा. तीच मात्सुताके तिथेही उगवते, नाव 'सांगे शामू'. थिंपूजवळचं गेनेखा आणि बुमथांगमधलं उरा ही तिची गावं, दोन्हीकडे ऑगस्टमध्ये अळंबीचा उत्सव भरतो. माणसं तिबेटी नव्हेत, पण गावाचं जंगल, ठरलेले नियम आणि मिटलेल्या टोपीचा भाव हे सगळं ओळखीचं वाटेल. भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं, दर रात्रीचं शुल्क १,२०० रुपये. गेनेखा थिंपूहून एका दिवसात बघून परतता येतं. उराला मात्र मुक्काम करावा लागतो, आणि उत्सवाच्या दिवसांत घरगुती खोल्या लवकर भरतात.